विश्लेषण : सूर्य शांत झाला की पृथ्वीभोवती काय बदलते? ‘मॉन्डर मिनिमम’मधला मॉन्डर कोण होता?

सध्याचे, म्हणजे २५वे सौरचक्र ऑक्टोबर २०२४च्या सुमारास शिखरावर होते. आता ते उतरणीला लागले आहे आणि २०३०च्या आसपास सूर्य पुन्हा शांत होईल, असा अंदाज आहे. सूर्यावरचे डाग कमी होऊ लागले की दर वेळी ‘मॉन्डर मिनिमम’ हा शब्द बातम्यांत फिरू लागतो. त्याच्या मागोमाग ‘हिमयुग येणार’ असे सांगणारे संदेश व्हॉट्सॲपवर येतात. हिमयुगाचे तूर्त बाजूला ठेवू. शांत सूर्याचा खरा आणि मोजता येणारा परिणाम होतो तो आपल्या डोक्यावर काहीशे किलोमीटरपासून पुढच्या अवकाशात. तिथे उपग्रह फिरतात, अंतराळवीर राहतात आणि कचराही साठतो. ज्याच्या नावाने हा शांत काळ ओळखला जातो, त्या एडवर्ड वॉल्टर मॉन्डरच्या हयातीत यातले काहीच अवकाशात नव्हते. तरीही सूर्य आणि पृथ्वी यांच्यात काहीतरी वाहते आहे, हे आकड्यांवरून ताडणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. विशेष म्हणजे या माणसाने आपल्या वऱ्हाडातल्या एका छोट्या रेल्वे स्थानकाजवळ तंबू ठोकून सूर्य पाहिला होता.

बँकेतला कारकून वेधशाळेत कसा?

मॉन्डरचा जन्म १२ एप्रिल १८५१ रोजी लंडनमध्ये झाला. घर धर्मोपदेशकाचे, पैसा बेताचा. किंग्ज कॉलेजात शिकायला गेला, पण पदवी मिळाली नाही. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी लंडनमधल्या एका बँकेत नोकरी केली. त्याच सुमारास ग्रीनिचच्या शाही वेधशाळेत छायाचित्रण आणि वर्णपटाच्या कामासाठी साहाय्यकाची जागा निघाली. ती स्पर्धा परीक्षेतून भरायची होती. मॉन्डर परीक्षेला बसला, निवडला गेला आणि १८७३ मध्ये रुजू झाला.

काम ऐकायला रटाळ होते. हवा स्वच्छ असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचे छायाचित्र काढायचे, काचेवर उमटलेल्या डागांची जागा आणि क्षेत्रफळ मोजायचे, वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ग्रीनिचची ही मालिका १८७४ मध्ये सुरू झाली आणि शंभरहून अधिक वर्षे चालली. इंग्लंडच्या ढगांमुळे पडणारी खिंडारे भरून काढण्यासाठी डेहराडून आणि मॉरिशस इथून छायाचित्रे जात. म्हणजे या प्रसिद्ध नोंदवहीत भारतातल्या उन्हाचाही वाटा आहे.

मॉन्डरने ही नोकरी जवळपास ४० वर्षे केली. आजच्या भाषेत सांगायचे तर तो ‘डेटा’वाला माणूस होता. मोठा गणिती नव्हता, सिद्धांत मांडणाराही नव्हता. पण एकच गोष्ट रोज मोजत राहिले की ती गोष्ट स्वतःच बोलू लागते, हे त्याच्या बाबतीत अक्षरशः घडले.

१८८२च्या त्या रात्री काय दिसले?

नोव्हेंबर १८८२ मध्ये सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह आला. डोळ्यांना धुरकट काच लावून तो दुर्बिणीशिवायही दिसत होता. १७ नोव्हेंबरला होकायंत्राच्या सुया थरथरू लागल्या, तारायंत्रे बंद पडली आणि त्या रात्री लंडनच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळला. त्यातून एक हिरवट, लांबोडका प्रकाशपट्टा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेला. मॉन्डर तेव्हा वेधशाळेतच होता. त्याने तो पट्टा पाहिला आणि नोंदवून ठेवला.

सूर्यावर मोठा डाग आणि त्याच वेळी पृथ्वीवर चुंबकीय वादळ हा योगायोग मानायला त्याचे मन तयार होईना. पण एक अडचण होती. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी हिशेब मांडला. सूर्य जर चुंबकीय लहरी पाठवून असे वादळ उठवत असेल, तर आठ तासांच्या मध्यम वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्च करावी लागेल. म्हणून डाग आणि वादळे यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. केल्व्हिन यांचा शब्द त्या काळी जवळपास अंतिम समजला जाई. गणित बरोबर होते. गृहीतक मात्र चुकले होते, कारण सूर्याची ऊर्जा चहूबाजूंना सारखीच पसरते असे त्यात धरले होते.

ॲनी रसेल यांचे काय योगदान?

ही गोष्ट एकट्या वॉल्टरची नाही. १८९१ मध्ये ग्रीनिचमध्ये ॲनी स्कॉट डिल रसेल नावाची तरुणी गणनिक म्हणून आली. जन्म आयर्लंडमधल्या स्ट्रॅबेनचा, शिक्षण केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात. गणितात ती आपल्या वर्षी गर्टनमध्ये पहिली होती, पण केंब्रिज तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. वेधशाळेत तिला महिन्याला चार पौंड मिळत. तिच्याकडे आले तेच काम : सूर्याची छायाचित्रे आणि डागांची मोजणी.

वॉल्टरची पहिली पत्नी १८८८ मध्ये वारली होती आणि पदरी मुले होती. १८९५ मध्ये त्याने ॲनीशी लग्न केले. दोघांच्या वयात १७ वर्षांचे अंतर. लग्न होताच सरकारी नियमाप्रमाणे ॲनीला नोकरी सोडावी लागली. काम सुटले नाही, पगार तेवढा सुटला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये तिचे सदस्यत्व नाकारले होते. दार उघडले ते थेट १९१६ मध्ये. वॉल्टरने मात्र १८९० मध्येच हौशी निरीक्षकांसाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला होता आणि तिथे स्त्रियांना पहिल्यापासून प्रवेश होता.

तळणीत काय घडले?

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून आजचा महाराष्ट्र तिरका कापत ईशान्येकडे गेला. जगभरच्या वेधशाळांनी इथे तळ ठोकले. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर आले. सोलापूरजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक होते. पुण्याच्या वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगामवाला यांचाही तळ तिथेच होता. मुंबईत तेव्हा प्लेगचे थैमान सुरू होते. अशा वेळी मॉन्डर पतीपत्नी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या पथकासह मुंबईत उतरून वऱ्हाडातल्या तळणीला पोहोचले. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे लहानसे स्थानक. सोबत जॉन एव्हरशेड होते. तेच पुढे कोडाईकॅनाल वेधशाळेत आले आणि १९०९ मध्ये डागांमधल्या वायूच्या प्रवाहाचा शोध लावून प्रसिद्ध झाले.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. ॲनीने स्वतः तयार करवून घेतलेला, जेमतेम दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा आणला होता. बाजूला मोठमोठ्या दुर्बिणी असताना हे भिंग खेळण्यासारखे दिसत असणार. पण तिने त्यातून सूर्याच्या प्रभामंडळातून दूरवर गेलेला एक लांबलचक किरण टिपला. तोवर छायाचित्रात आलेला तो सर्वांत लांब किरण होता. सूर्याच्या पृष्ठभागावरून काहीतरी निघते आणि अवकाशात खूप दूरपर्यंत जाते, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

एक गंमत अशी, की १८९८ मध्येही सूर्य आजच्यासारखाच उतरणीवर होता. १८९४चे शिखर सरले होते आणि १९०२चा नीचांक यायचा होता. शिखराच्या काळात प्रभामंडळ सूर्याभोवती सगळीकडे सारखे फुललेले दिसते. शांत काळ जवळ आला की त्याचे लांब किरण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ताणले जातात.

फुलपाखराचे चित्र आणि २७ दिवसांचे कोडे

१९०४ हे या जोडप्याचे वर्ष. १८७४ ते १९०२ पर्यंतच्या सगळ्या डागांची अक्षांशे त्यांनी एका मोठ्या कागदावर मांडली. घरी, आठवडाभर संध्याकाळी बसून एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने लहान लहान रेघा मारायच्या. चित्र पुरे झाले तेव्हा कागदावर पंख पसरलेली फुलपाखरे ओळीने बसल्यासारखी दिसू लागली. प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला डाग विषुववृत्तापासून दूर उगवतात आणि चक्र संपत येते तसे ते विषुववृत्ताकडे सरकतात. सौरचक्राचा कोणताही सिद्धांत आज याच चित्रावर घासून पाहिला जातो.

दुसरे काम वादळांचे. १८८२ ते १९०३ पर्यंतच्या चुंबकीय वादळांच्या तारखा मॉन्डरने तपासल्या आणि त्याला दिसले की अनेक वादळे साधारण २७ दिवसांनी परत येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती फिरायला एवढाच वेळ घेतो. म्हणजे वादळाचे मूळ सूर्यावरच्या एका ठरावीक जागी आहे. तिथून अरुंद झोत निघतो आणि बागेतल्या फिरत्या फवाऱ्यासारखा दर फेरीला पृथ्वीवर येऊन आदळतो. झोत अरुंद असेल तर चहूबाजूंना ऊर्जा उधळण्याचा प्रश्नच उरत नाही आणि केल्व्हिन यांचा आक्षेप गळून पडतो.

मॉन्डरला यातही एक गाठ सुटली नव्हती. कित्येकदा २७ दिवसांनी वादळ यायचे, पण त्या जागी डाग नसायचा. याचे उत्तर मिळायला सात दशके लागली. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याची कल्पना मांडली, १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो वारा मोजला आणि १९७३ मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकावरून प्रभामंडळातल्या काळसर ‘विवरां’चे स्वरूप स्पष्ट झाले. वेगवान वारा या विवरांतून सुटतो आणि तिथे डाग असण्याची गरज नसते. म्हणूनच डागरहित, शांत सूर्यही पृथ्वीला पूर्ण विश्रांती देत नाही. मोठी स्फोटक वादळे कमी होतात, पण विवरांतून येणारे मध्यम झोत ठरल्या दिवशी हजेरी लावत राहतात.

‘मिनिमम’ कुठून आला?

हा शोध मॉन्डरचा नव्हता, असे स्वतः मॉन्डरनेच पुन्हा पुन्हा सांगितले आहे. जर्मनीच्या गुस्ताव श्पोरर यांनी १८८०च्या दशकात जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा १६४५ ते १७१५ या ७० वर्षांत सूर्यावर डाग जवळपास नव्हतेच, असे त्यांना आढळले. मॉन्डरने १८९०मध्ये तो निष्कर्ष इंग्रजीत मांडला, १८९४ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि १९२२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा लिहिला. ॲग्नेस क्लर्क या लेखिकेने त्या काळात ध्रुवीय प्रकाशही दुर्मीळ झाला होता, याकडे लक्ष वेधले. एडमंड हॅली यांनी पहिला ध्रुवीय प्रकाश पाहिला तो १७१६ मध्ये, वयाच्या साठीला टेकल्यावर.

कोणी फारसे लक्ष दिले नाही. तेव्हाच्या लोकांनी नीट पाहिले नसेल, एवढे म्हणून विषय मिटवला जाई. खरे तर पॅरिसला कॅसिनी आणि पिकार, डान्झिगला हेव्हेलियस, ग्रीनिचला फ्लॅमस्टीड अशी माणसे दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. एखादा डाग दिसला तरी त्याची बातमी होत असे.

मॉन्डर २१ मार्च १९२८ रोजी वारला. त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉन एडी यांनी हा दावा खोडून काढण्याच्या इराद्याने जुने कागद उपसले आणि तो खराच निघाला. १९७६ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. ‘मॉन्डर मिनिमम’ हे नाव त्यांनीच दिले. उच्चारायला ते छान वाटते हे एक कारण. श्पोरर यांच्या वाट्याला नंतर पंधराव्या-सोळाव्या शतकातला दुसरा एक शांत काळ आला.

एडी यांचा सर्वांत भक्कम पुरावा झाडांच्या खोडात होता. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की कार्बन-१४ तयार होतो आणि तो झाडांच्या वर्षवलयांत साठतो. सूर्य जोमात असला की सौरवारा आणि त्याच्यासोबतचे चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवते. सूर्य मंदावला की ही ढाल पातळ होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या वलयांत कार्बन-१४ जास्त सापडला. म्हणजे त्या ७० वर्षांत पृथ्वीभोवतीचे अवकाश खरोखरच वेगळे होते. ते पाहायला तिथे कोणी नव्हते, एवढेच.

आजच्या उपग्रहांना त्याचे काय?

२००८-०९ मध्ये सूर्याने याची छोटीशी चुणूक दाखवली. २००८ साली सुमारे २६५ दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. युलिसिस यानाच्या मोजणीनुसार सौरवाऱ्याचा दाब १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे २० टक्क्यांनी घटला होता. ढाल पातळ झाल्याने २००९ मध्ये एसीई यानाने नोंदवलेले वैश्विक किरणांचे प्रमाण आधीच्या ५० वर्षांतल्या उच्चांकापेक्षा १९ टक्क्यांनी अधिक होते.

याचा अर्थ अंतराळवीरांसाठी सरळ आहे. शांत काळात सौरस्फोटाचा अचानक मारा होण्याची भीती कमी, पण वैश्विक किरणांचा संथ, सततचा मारा जास्त. स्फोटापासून यानाच्या जाड भिंतीमागे काही तास लपता येते. वैश्विक किरण भिंती भेदून येतात. चंद्र किंवा मंगळाच्या लांबच्या मोहिमांचे वेळापत्रक ठरवताना हा हिशेब करावा लागतो. ध्रुवांजवळून जाणाऱ्या विमानांतल्या कर्मचाऱ्यांनाही या काळात किरणोत्साराची मात्रा थोडी अधिक मिळते.

दुसरा बदल वातावरणाच्या वरच्या थरात होतो. सूर्याचे अतिनील किरण घटले की थर्मोस्फिअर थंड होऊन आकसते. ४०० किलोमीटर उंचीवरच्या हवेची घनता २००८च्या सुमारास आधीच्या नीचांकांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी भरली. काही वाटा कार्बन डायऑक्साइडचाही आहे. जमिनीजवळ उष्णता वाढवणारा हा वायू तिथे वर मात्र गारवा आणतो. विद्युतभारित कणांचा आयनांबर हा थरही खाली आला. त्याची वरची सीमा रात्री ६४० किलोमीटरवर अपेक्षित होती, ती २००८ मध्ये सीनॉफ्स उपग्रहाला ४२०च्या आसपास सापडली. लघुलहरींवर दूरदेशी बोलणारे हौशी रेडिओवाले हा काळ लगेच ओळखतात, कारण त्यांचे वरच्या वारंवारतेचे पट्टे मुके होतात.

हवा विरळ म्हणजे उपग्रहांना अडथळा कमी. इंधन वाचते, आयुष्य वाढते. उलट काय होते ते स्कायलॅबने दाखवले. सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापल्याने वातावरण फुगले आणि ११ जुलै १९७९ रोजी ते स्थानक ठरल्या वेळेआधीच कोसळून त्याचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. ज्या यानाने मॉन्डरचे कोडे सोडवायला मदत केली, तेच सूर्याने खाली ओढले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका साध्याशा चुंबकीय वादळाने नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रहांचा बळी घेतला.

पण उपग्रहांना मिळणारी सवलत कचऱ्यालाही मिळते, आणि खरी चिंता इथेच आहे. निकामी उपग्रह, रॉकेटचे सुटे भाग, टकरीतून उडालेल्या ठिकऱ्या यांना खाली खेचून जाळून टाकणारा झाडूवाला एकच, तो म्हणजे वातावरणाचा अडथळा. सूर्य शांत असताना तो रजेवर जातो. २००९च्या फेब्रुवारीत इरिडियम-३३ आणि कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले ते नेमके अशाच काळात. आज खालच्या कक्षेत तेव्हाच्या कितीतरी पट उपग्रह आहेत. २०३०च्या शांत काळात त्यांच्यामधली ठिगळे आपोआप साफ होतील, या भरवशावर राहता येणार नाही.

किरणोत्सारी पट्ट्यांचे वागणे दुहेरी असते. पृथ्वीभोवतीचा बाहेरचा, इलेक्ट्रॉनचा पट्टा २००९ मध्ये जवळपास ओस पडला. आतल्या पट्ट्यातले प्रोटॉन मात्र शांत काळात वाढतात. वैश्विक किरण त्यांना भर घालतात आणि आकसलेले वातावरण त्यांना कमी गिळते. त्यामुळे दक्षिण अटलांटिकवरून जाताना उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्यांचा त्रास होतो.

मग हिमयुगाचे काय?

टेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरल्याची चित्रे मॉन्डर मिनिममशी जोडली जातात. पण युरोपातला तो थंड काळ १६४५च्या खूप आधी सुरू झाला होता, आणि ज्वालामुखींचा त्यात मोठा वाटा मानला जातो. एका सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा बदलते ती ०.१ टक्क्याच्या आसपास. हरितगृह वायूंनी केलेली तापमानवाढ त्याहून कितीतरी मोठी आहे. उद्या तसा शांत काळ खरोखर आला तरी स्वेटरच्या दुकानांत रांगा लागणार नाहीत. उपग्रह चालवणाऱ्यांच्या कार्यालयांत मात्र जाग्रणे होतील.

मॉन्डरला स्वतःला असल्या सनसनाटीचे वावडे होते. मंगळावर कालवे आहेत आणि ते कोणीतरी खोदले आहेत, असा गाजावाजा सुरू असताना त्याने १९०३ मध्ये ग्रीनिचच्या शाळकरी मुलांना वर्गात बसवले. समोर ठिपके आणि पुसट छटा असलेले वर्तुळ लावले आणि दिसते तसे काढायला सांगितले. मधल्या बाकांवरच्या मुलांनी सरळ रेघांचे ‘कालवे’ काढून दिले.

१९१३ मध्ये तो निवृत्त झाला. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण पडली तेव्हा वेधशाळेत पुन्हा कामाला आला. ॲनीही आली, विनावेतन. पतीनंतर ती १९ वर्षे जगली आणि सप्टेंबर १९४७ मध्ये वारली. चंद्रावरच्या एका विवराला दोघांच्या नावाने ‘मॉन्डर’ म्हणतात. संध्याकाळी घरी बसून रेघा मारलेले फुलपाखरांचे मूळ चित्र अमेरिकेत बोल्डरच्या हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीत जपून ठेवले आहे. जॉन एडी यांनी काम केले ती हीच संस्था. एडी १० जून २००९ रोजी गेले. शतकातला सर्वांत खोल सौर नीचांक नुकताच येऊन गेला होता आणि सूर्य अजूनही बहुतेक दिवस बिनडागाचाच उगवत होता.